बुलेटचा घसा बसतो तेव्हा

बालमित्रांनो, आज आधी एक प्रयोग करू आणि मग गप्पा मारू. वहीच्या कागदाच्या दोन लांब पट्ट्या कापा. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात, अशा तोंडासमोर लोंबत्या धरा. दोन्हींमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. आता मधल्या फटीतून जोरात फुंकर मारा. पट्ट्या एकमेकींपासून दूर जातील असं वाटतंय ना? करून तर बघा! त्या दूर न जाता जवळ येतात, अगदी एकमेकींना चिकटू पाहतात.

असं का होतं? हवा चिंचोळ्या जागेतून वेगानं धावू लागली की तिथला तिचा दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब मात्र नेहमीएवढाच असतो. तो पट्ट्यांना आत ढकलतो. वाहणाऱ्या द्रवाचा वेग आणि दाब यांचं हे नातं स्विस गणिती डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली आपल्या ग्रंथात मांडलं. पुढे १७९७ साली इटलीच्या जोव्हानी व्हेंचुरी यांनी मध्येच अरुंद होणाऱ्या नळीचे प्रयोग प्रसिद्ध केले. अशा नळीला आजही त्यांचंच नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मोटारसायकलच्या गोष्टीत हे कागद आणि फुंकर कुठून आली? सांगते. गल्लीतून 'डग डग डग' करत जाणारी जुनी बुलेट तुम्ही पाहिली असेल. ती याच फुंकरीवर चालते!

फुलवालीची फवारणी

पेट्रोल जळतं हे आपण सगळे जाणतो. पण खरं म्हणजे द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. म्हणून इंजिनात पेट्रोलची धार सोडून भागत नाही. त्याचे अगदी बारीक तुषार करून ते हवेत नीट मिसळावे लागतात. हे काम करणारं यंत्र म्हणजे कार्बोरेटर.

१८९३ साली हंगेरीतल्या डोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी अशा तुषार उडवणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फुलवाली फुलं विकायला बसली होती. फुलं टवटवीत राहावीत म्हणून ती एका नळीतून फुंकर मारून त्यांच्यावर पाण्याचे तुषार उडवत होती. ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली म्हणे. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनीही तशाच तत्त्वाचा कार्बोरेटर बनवला. चांगली कल्पना अशी एकाच वेळी दोन घरी पाहुणी जाते, बरं का!

कार्बोरेटरच्या मधोमध एक अरुंद घसा असतो. इंजिनाचा पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो. ती हवा या घशातून वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर उडतं. बुलेट ३५० चं इंजिन ३४६ घनसेंटिमीटरचं, म्हणजे एका श्वासात फार तर एक तृतीयांश लिटर हवा घेणारं. गाडी नुसती जागेवर चालू असताना इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्या होत असतील, तर ते मिनिटाला पाचशे श्वास घेतं. कारण चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकच श्वास असतो.

आता एक हिशेब. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलसाठी हे गणित केलं तर हवा येते जवळजवळ नऊ हजार लिटर! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली डोळ्यांसमोर आणा. तिच्यातली साधारण एक तृतीयांश हवा एका लिटरमागे खर्च होते. हे प्रमाण बिघडलं की गाडीचं दुखणं सुरू.

पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली, तर मिश्रण 'रिच' झालं असं मेकॅनिक म्हणतात. मग काळा धूर, पेट्रोलचा वास आणि खिशाला भोक. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तर मिश्रण 'लीन'. मग इंजिन तापतं, मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आणि फारच लीन झालं तर पिस्टन जाम होतो, प्रसंगी वितळतोही. रिच गाडी पैसे खाते, लीन गाडी इंजिन खाते.

फौजी आजोबांची बुलेट

आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीचे आजोबा लष्करातून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना 'फौजी' म्हणतं. सातारा जिल्ह्यात अशी घरं बरीच. त्यांच्या ओसरीवर १९७४ सालची बुलेट उभी असते. बुलेटचं आणि फौजेचं नातं जुनंच आहे. इंग्लंडमधल्या रेडिच गावची रॉयल एन्फील्ड कंपनी ही गाडी बनवायची. भारतीय लष्करानं सीमेवरच्या गस्तीसाठी ती पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. पुढे इंग्लंडमधला मूळ धंदा बंद पडला, मद्रासची बुलेट मात्र धावत राहिली.

फौजी आजोबांची गाडी गेल्या दोन वर्षांत रुसली होती. दहा-दहा किका मारल्याशिवाय सुरू होईना. सुरू झाली तर सिग्नलला, म्हणजे आमच्याकडे एस.टी. स्टँडच्या चौकात, बंद पडायची. लिटरला किती किलोमीटर जाते ते सांगायची आजोबांना लाज वाटायची. त्यात आजोबांचा गुडघा दुखतो. मुलीचे बाबा म्हणाले, "दादा, आता विकून टाकू. भंगारवाला नाही, पण जुन्या गाड्यांचा एक व्यापारी बरी किंमत देतोय." आजोबा काहीच बोलले नाहीत. नुसते उठून गाडीवरचं फडकं सारखं करून आले. ते पाहून नात म्हणाली, "बाबा, मला दोन रविवार द्या."

गावातल्या गॅरेजचे उस्ताद चाळीस वर्षं बुलेटच दुरुस्त करत आलेत. त्यांच्याकडे गाडी गेली. शास्त्राच्या तासाला याचा उपयोग होईल म्हणून दोन्ही रविवारी मीही तिथं स्टुलावर बसले होते.

दुखणं नेमकं कुठं?

उस्तादांनी कार्बोरेटरला हातच लावला नाही! आधी प्लग काढून पाहिला. मग पॉइंटची फट मोजली. ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. मग गार इंजिनावर टॅपेटचं झाकण उघडलं. आतले दोन दांडे बोटांनी सहज गोल फिरायला हवेत, पण वरखाली हलता कामा नयेत. शेवटी हवेची जाळी झटकली.

"उस्तादकाका, पण बिघाड तर कार्बोरेटरमध्ये आहे ना?" नातीनं विचारलं.

"पोरी, पोट दुखत असताना डोक्याला बाम लावून चालत नाही. बाकी सगळं नीट आहे हे कळल्याशिवाय कार्बोरेटरवर आळ घ्यायचा नाही."

बाकी सगळं नीट निघालं. मग पेट्रोलचा कॉक बंद करून त्यांनी दोन नट सोडले आणि जुना कार्बोरेटर हातात घेतला. तो 'अमल' पद्धतीचा होता. अमल हे बर्मिंगहॅमच्या कंपनीचं नाव. तीन कार्बोरेटरवाले एकत्र येऊन ती झाली होती. कार्बोरेटरमध्ये वरखाली होणारा एक पोकळ लोखंडी गोळा दिसेल असं मला वाटलं होतं, पण ती होती जस्ताच्या मिश्रधातूची एक नळकांडी. तिला स्लाइड म्हणतात. आपण मूठ पिळली की ती वर उचलली जाते आणि हवेची वाट मोकळी होते.

उस्तादांनी स्लाइड बोटानं हलवली. खट्-खट् आवाज आला. पन्नास वर्षं वरखाली घासून स्लाइडही झिजली होती आणि तिचं घरही. त्या फटीतून चोरटी हवा आत शिरत होती. अशा कार्बोरेटरचे कितीही स्क्रू फिरवा, गाडी एका लयीत उभी राहणार नाही. शिवाय सुई ज्या छिद्रातून वरखाली होते ते छिद्र झिजून लांबट झालं होतं. त्यातून पेट्रोल जास्त जायचं. म्हणजे एकीकडे हवेची चोरी, दुसरीकडे पेट्रोलची उधळपट्टी! हा कार्बोरेटर बदलायलाच हवा होता.

मोठा म्हणजे चांगला?

नवा कोणता घ्यायचा? इथं मुलीच्या काकाचं वेगळंच मत. तो म्हणाला, "मोठ्या तोंडाचा टाकू. पिकअप वाढेल!"

मुलांनो, हे चूक का, ते तुम्हीच शोधा. एक थंड पेयाची बारीक नळी घ्या आणि दुसरी बोटभर जाड पपईच्या देठाची नळी. दोन्हींतून सारखीच, अगदी हळू फुंकर मारा. कोणत्या नळीच्या टोकाला हवेचा झोत जोरात लागतो? बारीक नळीच्या. कार्बोरेटरचंही तसंच. घसा फार रुंद केला तर कमी वेगात हवा रेंगाळते, दाब पुरेसा उतरत नाही आणि पेट्रोल नीट उडत नाही. गाडी सुरू व्हायला आणि हळू चालायला कुरकुरते. मोठा घसा मोठ्या श्वासाच्या इंजिनालाच शोभतो.

म्हणून उस्तादांनी बुलेट ३५० ला नंतरच्या काळात कारखान्यातूनच येऊ लागलेला मिककार्ब व्हीएम २४ निवडला. हा मिकुनी या जपानी पद्धतीचा. २४ म्हणजे घशाचा व्यास २४ मिलिमीटर.

तो आणण्यात एक गंमत झाली. गंमत कसली, फसवणूकच. शहरातल्या एका दुकानातून काकानं स्वस्तात जो आणला, त्याचं खोकं झकास होतं. पण उस्तादांनी आतला जेट भिंगाखाली धरला. त्यावर नंबरच नव्हता आणि छिद्राच्या काठाला धातूची कुसळं होती. जेट म्हणजे मोजून पाडलेलं छिद्र. नंबर जितका मोठा तितकं पेट्रोल जास्त. मापच माहीत नसेल तर दुरुस्ती म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार! तो परत करून दुसरीकडून खात्रीचा आणला. पुढच्या वेळी तुमच्या घरी कोणताही सुटा भाग आला, तर त्याच्यावरचे आकडे जरूर वाचा.

चार वाटेकरी

नवा बसवण्याआधी उस्तादांनी त्याची वाटी उघडून मुलांना आतलं कुटुंब दाखवलं. तोवर गॅरेजबाहेर पाच-सहा मुलं जमलीच होती.

वाटीत एक फ्लोट तरंगतो. आपल्या संडासच्या टाकीत असतो ना, तसाच. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि आत येणारी वाट बंद करतो. पेट्रोलची पातळी त्यानं राखायची.

बाकी कामाची चौघांत वाटणी असते. मूठ जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू ही जोडी पेट्रोल-हवा पुरवते. मूठ थोडी उघडली, साधारण पाव भागापर्यंत, की स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव पडतो. पाव ते पाऊण भागापर्यंत निमुळती सुई काम करते. स्लाइडबरोबर ती वर जाते, तसतशी तिच्याभोवतीची फट वाढते आणि जास्त पेट्रोल निघतं. पाऊणच्या पुढे मूठ पूर्ण उघडली की सगळा कारभार मेन जेटचा.

हे कळलं की अर्धं काम झालं. गाडी उभ्या-उभ्या बंद पडत असेल तर मेन जेट बदलून काय उपयोग? ज्याची पाळी असेल त्यालाच जाब विचारायचा!

वहीतलं पान

पहिल्या रविवारी कार्बोरेटर चढला. नव्याची बसण्याची पट्टी जुन्या स्टडांवर नीट येते का ते पाहिलं. मध्ये उष्णता अडवणारी जाड चकती आणि नवं पॅकिंग घातलं. मुठीची केबल लांबीला जुळवली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, कारण केबल आखूड असेल तर हँडल वळवताच रेस आपोआप वाढते. ते फार धोक्याचं. जुन्या अमलला पेट्रोल वर आणायला एक बटण दाबावं लागायचं. नव्याला चोकची छोटी दांडी आहे, हे आजोबांना दोनदा समजावलं.

गाडी चौथ्या किकला सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण आवाज एकसारखा नव्हता, आणि मूठ सोडली की सायलेन्सर फटाके वाजवायचा. प्लग काढला तर पांढराफटक. ओळखलंत? लीन!

उस्ताद जेवायला गेले होते. तेवढ्यात उत्साही काकानं पायलट जेट बदलला, सुईची क्लिप सरकवली आणि एअर स्क्रूही फिरवला. तिन्ही एकदम! गाडी आता वेगळ्याच तऱ्हेनं बिघडली, आणि कशामुळे ते कुणालाच सांगता येईना.

उस्ताद आले, हसले आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं. मग नातीला म्हणाले, "ताई, तुझी वही काढ. एका वेळी एकच बदल. आधी काय होतं, काय केलं, काय झालं, तिन्ही लिही. मग पुढचा."

तिनं वहीत तीन रकाने आखले. पुढचं पान मी माझ्या शब्दांत देते.

नोंद पहिली. चालू गाडीच्या जोडापाशी, कार्बोरेटर आणि इंजिन मिळतात तिथं, तेलाच्या कुपीतून एक थेंब सोडला. थेंब आत ओढला गेला आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला! म्हणजे जोडातून चोरटी हवा शिरत होती. काकानं नट फार आवळल्यामुळे पट्टी किंचित वाकली होती. उस्तादांनी जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पट्टी त्यावर हलकेच घासली, सपाट केली आणि नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. फटाके बंद.

विचार करा, चोरटी हवा न शोधता नुसता मोठा जेट घातला असता तर? दुखणं तसंच राहिलं असतं, वर औषधाचा भार.

नोंद दुसरी. इंजिन गरम झाल्यावर एअर स्क्रू. तो आधी अगदी हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव-पाव फेरा फिरवायचा आणि दर वेळी थांबून ऐकायचं. आत नेला की हवा कमी, म्हणजे मिश्रण रिच. बाहेर काढला की लीन. जिथं इंजिन सर्वांत जलद आणि सर्वांत एकसारखं चालतं ती जागा बरोबर. मग दुसऱ्या स्क्रूनं रेस कमी करायची. आमची जागा पावणेदोन फेऱ्यांवर सापडली. ती अर्ध्या फेऱ्याच्याही आत आली असती, तर पायलट जेट लहान आहे असं समजलं असतं. अडीचच्या पुढे गेली असती, तर मोठा.

नोंद तिसरी, दुसऱ्या रविवारची. मेन जेट. उस्ताद हेल्मेट घालून पसरणीच्या घाटाकडे गेले. मोकळ्या चढावर मूठ पूर्ण उघडली. मूठ किंचित मिटल्यावर गाडी उलट जास्त ओढू लागली. याचा अर्थ पूर्ण उघडल्यावर पेट्रोल कमी पडतंय. त्यांनी तिथंच क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. तसंच चालू ठेवून गॅरेजपर्यंत आणली असती, तर प्लगवर चढाची नव्हे, गावातल्या रांगत्या वेगाची निशाणी उमटली असती. प्लग अजून फिकाच. एक नंबर मोठा जेट घातला. पुन्हा घाट. आता गाडी खेचत गेली.

नोंद चौथी. मधल्या वेगात किंचित अडखळत होती. सुईला पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली बसवली की सुई तेवढी वर उचलली जाते. तसं केलं. अडखळणं गेलं. शेवटी एअर स्क्रू पुन्हा तपासला, कारण एकाचं वागणं बदललं की शेजाऱ्याचंही थोडं बदलतं.

शेवटी प्लग काढला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी! उस्तादांनी तो सगळ्या मुलांच्या हातांतून फिरवला, एखादं बक्षीस फिरवावं तसा.

आजोबांनी किक मारली. दुखऱ्या गुडघ्याच्या पायानं नव्हे, शेजारी उभं राहून दुसऱ्या पायानं. दुसऱ्याच किकला डग... डग... डग. मुलीच्या बाबांनी खिशातून फोन काढला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "गाडी द्यायची नाही." त्यांनी कारण मात्र सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती.

पेट्रोल बदललं, उंची बदलली

तुमच्यापैकी कुणी विचारेल, नव्या कार्बोरेटरला मोठा जेट का लागला? पूर्वीच्या गाड्या निव्वळ पेट्रोलसाठी बनल्या होत्या. आता आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी हवा जास्त ठरते आणि मिश्रण लीनकडे झुकतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि काही जुन्या रबराला खराब करतं. म्हणून उस्तादांनी पेट्रोलची नळी आणि रबरी भागही नवे घातले. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल, तर वाटीतलं पेट्रोल काढून टाकावं, नाहीतर बारीक छिद्रं चिकट थरानं बुजतात.

आणि ही गाडी महाबळेश्वरला नेली तर? तिथली उंची सुमारे साडेतेराशे मीटर. समुद्रकाठच्या मानानं तिथली हवा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ. हवा विरळ, मग मिश्रण कसं होईल, रिच की लीन? उत्तर वहीत लिहा आणि मग वर जाऊन 'रिच'ची व्याख्या पाहा.

नव्या गाड्यांना हा हिशेब आपण सांगावा लागत नाही. एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ हे कडक नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनं घेतली. हवा किती, उष्णता किती, हे संवेदक मोजतात आणि एक छोटा संगणक दर श्वासाला पेट्रोल ठरवतो. उस्ताद जे कानानं, डोळ्यांनी आणि वहीनं करतात, तेच तो आकड्यांनी करतो. पद्धत तीच! मोजायचं, बदलायचं, पुन्हा मोजायचं.

आई-बाबांसाठी आणि तुमच्यासाठीही

हे काम मुलांनी एकट्यानं करायचं नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनंही पेट घेते. कार्बोरेटर उघडायचा तो उघड्यावर. जवळ उदबत्ती नको, विडी नको, चालू शेगडी नको. वाळूची बादली हाताशी हवी. काढलेलं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवायचं, पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. गाडी बंद खोलीत चालू ठेवायची नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोवर तुमचं काम बघणं, ऐकणं आणि लिहिणं. ते काही लहान काम नव्हे, हे तुम्ही वर वाचलंच.

पालकांनो, मुलानं गॅरेजसमोर उभं राहून दहा प्रश्न विचारले, तर "चल, हात काळे होतील" म्हणून ओढून नेऊ नका. काळे हात साबणानं निघतात.

आणि मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ. घरातली एक गोष्ट निवडा, जी नीट चालत नाही. करकरणारं दार घ्या, मागे पडणारं घड्याळ घ्या, नाहीतर सारखी चेन पडणारी सायकल घ्या. वहीत तीन रकाने आखा: आधी काय होतं, काय केलं, काय झालं. मोठ्यांना सोबत घ्या आणि एका वेळी एकच बदल करा. कोणत्या बदलानं गुण आला, ते शाळेत येऊन तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. गुण आला नाही, तरी पान दाखवाच. तेही तितकंच मोलाचं आहे.